मजकूर दाखवायला एकच कंपोनंट द्या: यूआय फ्रेमवर्क सांभाळणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. आयटी पार्कजवळ परसोडीच्या बाजूला आमचं छोटंसं ऑफिस आहे, सहा जण आहोत, आणि संत्रा लावणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप बनवून राहिलो. काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यातले लोक ते वापरतात. आंबिया बहाराचं आणि मृग बहाराचं वेळापत्रक, फवारणीचं प्रमाण, कळमन्याच्या बाजारातला भाव, हवामान, बस एवढंच. म्हणजे आमचं जवळजवळ सगळं ॲप हे फक्त अक्षरं दाखवायचं काम करतं, ना व्हिडिओ, ना गेम. ती अक्षरं नीट दिसली नाहीत तर बाकी कितीही मेहनत करा, काहीच उरत नाही.

हे पत्र कोणा एका फ्रेमवर्कला, म्हणजे ॲपची स्क्रीन बनवायच्या तयार साहित्याला, नाहीये. तुमच्यापैकी कोणाचं काम वापरताना मला काय झालं ते पुढे सांगतो पण नाव घेणार नाही, कारण थोड्याफार फरकाने हे दुखणं बहुतेकांकडे आहे. मागणी आधीच सांगून टाकतो. मजकूर दाखवायला एकच कंपोनंट, म्हणजे स्क्रीनवर बसवायचा तयार भाग, ठेवा. साधा मजकूर, अर्धा ठळक मजकूर, लिंक असलेला मजकूर, कॉपी करता येणारा मजकूर, यासाठी वेगवेगळे कंपोनंट नकोत. साधं की सजवलेलं हा फरक मजकुरात असतो, तो तिथेच राहू द्या, त्यासाठी आम्हाला कंपोनंट बदलायला लावू नका.

आता काय झालं ते सांगतो.

संत्र्याला डिंक्या रोग होतो, खोडातून डिंक वाहायला लागतो. त्यावर खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. आणि झाडावर फवारायला असतं बोर्डो मिश्रण. दोन्हीत माल तोच, मोरचूद आणि चुना. फरक फक्त पाण्याचा. फवारायचं एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. खोडाला लावायची पेस्ट म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. एका शून्याचा फरक आहे. पेस्टचं प्रमाण घेऊन कोणी फवारलं तर पानं जळतील, आणि फवारणीचं पाणी घेऊन पेस्ट केली तर ती खोडावर टिकणारच नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की या ओळीतले आकडे ठळक दाखवायचे. पहिल्या व्हर्जनमधे ती ओळ साध्या लेबलमधे, म्हणजे साधा मजकूर दाखवणाऱ्या कंपोनंटमधे होती आणि नीट चालू होती. पण साध्या लेबलमधे अर्धी ओळ ठळक करता येत नव्हती, त्यासाठी फ्रेमवर्कमधे दुसरा कंपोनंट होता, रिच टेक्स्टवाला, म्हणजे सजवलेल्या मजकुराचा. आमच्या टीममधल्या पोराने लेबल काढलं, तो टाकला, आकडे ठळक केले, त्याच्या फोनवर पाहिलं, मस्त दिसलं, मी पण पाहिलं, मलाही मस्त दिसलं, आणि आम्ही व्हर्जन सोडून दिलं.

आठवड्याभराने काटोलकडच्या एका काकांचा फोन आला. वय साठीच्या वर असेल, फोनमधे अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. म्हणाले, "काहून भाऊ, सारं मोठं दिसते अन् औषधाचीच ओळ काहून इतकी बारीक हाय? मले तं थे दिसूनच नाही राह्यलं."

झालं असं होतं की साधं लेबल फोनच्या सेटिंगमधला अक्षराचा आकार आपोआप घेत होतं, आणि रिचवाला घेत नव्हता. त्याला तो वेगळा हातानं द्यावा लागत होता. हे डॉक्युमेंटेशनमधे लिहिलेलं होतं, मी नंतर शोधून वाचलं, एका प्रॉपर्टीच्या, म्हणजे कंपोनंटच्या एका सेटिंगच्या, खाली एका वाक्यात. पण मला सांगा, ज्याला दोन आकडे ठळक करायचे आहेत तो माणूस हे वाचायला का जाईल? त्याच्या डोक्यात त्याने फक्त जाडी बदलली आहे.

मग आम्ही अजून खोलात गेलो तर कळलं की कंपोनंट बदलल्यावर एकच नाही, चार गोष्टी गुपचूप गेल्या होत्या. अक्षराचा आकार गेला. थीममधला, म्हणजे सगळ्या ॲपसाठी एकदाच ठरवलेला, फॉन्ट गेला, त्याच्या जागी सिस्टिमचा आला. ॲपची भाषा गेली. आणि जी ओळ आधी दाबून धरली की कॉपी व्हायची ती आता होईना. ना एरर, ना वॉर्निंग.

भाषा गेली म्हणजे काय ते जरा जवळून बघा, कारण हे तुमच्या लक्षात येणं कठीण आहे. मराठीत ल आणि श ची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. आपल्याकडे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. महाराष्ट्र सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयातही तसंच आहे. युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, मात्र मराठीचा ल आणि हिंदीचा ल हे एकच अक्षर, एकच नंबर. चांगल्या देवनागरी फॉन्टमधे दोन्ही वळणं असतात आणि कोणतं काढायचं ते फॉन्ट ठरवतो मजकुराची भाषा बघून. भाषा मराठी आहे हे कोणी सांगितलंच नाही तर बहुतेक वेळा हिंदी वळण येतं. आमच्या त्या एका कार्डात वरच्या ओळीत 'लिटर' हिंदी ल ने आणि खालच्या ओळीत 'लिटर' मराठी ल ने आलं होतं. दोन बोटांच्या अंतरावर एकच शब्द दोन वळणांचा. त्यासाठी मी काय केलं होतं? आकडा ठळक केला होता.

बरं, आम्ही दुरुस्ती केली. आकार हातानं दिला, फॉन्ट दिला, भाषा दिली. पुढच्या आठवड्यात परत त्याच काकांचा फोन. आता अक्षरं मोठी झाली होती, पण कार्ड तेवढंच होतं आणि ओळ एकच ठेवलेली होती, म्हणून शेवटचा भाग कापून तीन टिंबं आली होती. काकांनी मला फोनवर वाचून दाखवलं, "एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा, मंग टिंबं टिंबं." आणि विचारलं, "भाऊ, हे दहा हाय का शंभर?"

कार्ड फवारणीचं होतं. उत्तर शंभर होतं. टिंबांनी शेवटचा शून्य खाल्ला होता.

काकांनी विचारलं म्हणून बरं झालं. त्यांना अनुभव होता, त्यांना माहीत होतं की दोन प्रमाणं असतात. पहिल्यांदा बाग लावलेल्या पोराने विचारलं नसतं. त्या दिवशी मी घरी जाऊन नीट जेवलो नाही, खरं सांगतो. चूक आमची होतीच, एक ओळ आम्हीच ठेवली होती, मोठ्या अक्षरात आम्हीच तपासलं नव्हतं, ती मी कोणाच्या माथी मारत नाही. पण सुरुवात जिथून झाली, म्हणजे ठळक करायला कंपोनंट बदलावा लागणं, ती जागा तुमच्या हातात आहे, माझ्या नाही.

ही जुनी कहाणी आहे हे मला माहीत आहे. ॲपलच्या यूआयकिटमधे यूआयलेबल वेगळं आणि यूआयटेक्स्टव्ह्यू वेगळं. मायक्रोसॉफ्टकडे टेक्स्टब्लॉक वेगळा, रिचटेक्स्टब्लॉक वेगळा. गूगलच्या फ्लटरमधे टेक्स्ट, रिचटेक्स्ट, सिलेक्टेबलटेक्स्ट. अँड्रॉइडच्या कंपोजमधे टेक्स्ट, बेसिकटेक्स्ट, आणि लिंकसाठी क्लिकेबलटेक्स्ट. प्रत्येकाला आपापलं कारण असेल, एकेकाची गरज एकेका वेळी आली असेल, कोणी मुद्दाम त्रास द्यायला केलेलं नाही. पण नवीन पोरगं आलं की त्याचे पहिले दोन दिवस यातलं कोणतं कधी वापरायचं यातच जातात, आणि ते जे शिकतं ते अक्षरांबद्दल नसतं, तुमच्या इतिहासाबद्दल असतं.

आणि तुम्हीच आता त्यातून बाहेर येऊन राहिले, हे मला दिसतं आणि त्याचा आनंद आहे. कंपोजने २०२४ मधे क्लिकेबलटेक्स्ट बाजूला काढून लिंक ही मजकुराच्या आतच लिहायची सोय दिली, टेक्स्ट तेच राहिलं. फ्लटरने २०२२ च्या ३.३ व्हर्जनमधे सिलेक्शनएरिया आणला, म्हणजे आतला मजकूर कोणताही असो, बाहेरून एक आवरण घातलं की सगळा निवडता येतो. रिॲक्ट नेटिव्ह या फ्रेमवर्कमधे तर पहिल्यापासून टेक्स्टच्या आत टेक्स्ट ठेवायचं, ठळक हवं तर आतल्याला ठळक म्हणायचं, आणि फोनमधला अक्षराचा आकार तिथे आपोआप लागू असतो. ब्राउझरला तर हा प्रश्न कधी पडलाच नाही. परिच्छेदात मधेच दोन शब्द ठळक केले म्हणून परिच्छेद बदलत नाही, फॉन्ट वरून खाली झिरपत येतो, भाषा पण झिरपत येते, आणि बोट दाबून धरलं की निवडता येतं. माझं एवढंच म्हणणं आहे की या दिशेने अर्धं नका थांबू, पूर्ण जा.

पूर्ण म्हणजे कसं? साध्या लेबलला नुसती ओळ दिली तर ती साधी ओळ. त्याच लेबलला तुकड्यांची ओळ दिली, यातला हा तुकडा ठळक, हा लाल, हा लिंक, तर ती सजवलेली ओळ. लेबल तेच. आकार, फॉन्ट, भाषा, ओळींची उंची, सगळं वरून येतं आणि जे मी हातानं बदललं तेवढंच बदलतं. जाडी बदलली तर जाडीच बदलावी.

हे नसल्यामुळे लोक काय करतात ते मी रोज पाहतो. रिचवाला कंपोनंट किचकट म्हणून तीन लेबलं शेजारी शेजारी लावतात. एकात 'आजचा भाव', दुसऱ्यात ठळक आकडा, तिसऱ्यात 'रुपये क्विंटल'. छोट्या स्क्रीनवर तिसरं लेबल बाहेर जातं कारण तीन लेबलं म्हणजे तीन डबे, ती एका वाक्यासारखी पुढच्या ओळीत वाहत नाहीत. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला स्क्रीन बोलून वाचणारा, तीन वेळा थांबून तीन तुकडे वाचतो, प्रत्येक तुकड्यावर बोट सरकवावं लागतं. आणि मराठीत तर अजून एक गोष्ट, आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. 'काटोलला', 'वरुडचा', 'कळमन्यात'. गावाचं नाव ठळक करायचं आणि 'ला' साधा ठेवायचा तर तो एकच शब्द आहे, मधे जागा नको, ओळ तिथे तुटायला नको. दोन लेबलांमधे हे जमतच नाही. इंग्रजीत 'टू' वेगळा शब्द असतो, म्हणून तिकडे बसून डिझाइन करणाऱ्याला हे कधी टोचत नाही.

तुकडे करायचा विषय निघालाच आहे तर अजून एक सांगतो, ही सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट. आमच्या ॲपमधे सर्च आहे. शेतकरी 'संत्र' टाइप करतो, अजून काना यायचा असतो, तेवढ्यात खाली यादी दिसते आणि त्यात जुळलेली अक्षरं ठळक करायची असतात. 'संत्रा' या शब्दात 'संत्र' ठळक केलं, उरला काना, तो पुढच्या तुकड्यात गेला. आता काना एकटा उभा राहू शकत नाही, त्याला अक्षर लागतं. मग त्याच्या मागे ठिपक्यांचं गोल येतं. पूर्ण यादीत जिथे तिथे ठिपक्यांची गोलं. आमच्या टेस्टरने बग टाकला तेव्हा मला आधी वाटलं फॉन्ट खराब आहे. फॉन्ट बरोबर होता, आम्ही अक्षराच्या मधोमध सुरी चालवली होती.

हे कोणी सांभाळायला पाहिजे? माझं मत आहे की कंपोनंटने. मी तुकडा कुठेही पाडला तरी त्याने बघावं की इथे अक्षर संपतं का, आणि संपत नसेल तर सीमा पुढे सरकवावी. 'स्त्री' हे आपल्या डोळ्याला एक अक्षर आहे, युनिकोडमधे ते ६ चिन्हं आहे, आणि अक्षर कुठे संपतं याच्या नियमांत आधी त्याचे तीन तुकडे व्हायचे. २०२३ मधे युनिकोड १५.१ आलं तेव्हा कुठे भारतीय जोडाक्षरं एकत्र ठेवायचा नियम आला. म्हणजे नियम आता आहे. तो तुमच्या एका कंपोनंटमधे एकदा बसवला की जगातल्या सगळ्या ॲपमधे बसला. आणि पाच कंपोनंट असले की पाच ठिकाणी बसवावा लागतो, चार ठिकाणी बसतो, पाचव्या ठिकाणी राहून जातो. कमी कंपोनंट पाहिजेत याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे, कोड सुंदर दिसावा हे कारण नाही.

माझे वडील पेंटर होते, इतवारीत दुकानांचे बोर्ड रंगवायचे. लहान असताना मी त्यांच्यासोबत जायचो, डबा धरायला. देवनागरी लिहायची असली की ते वरच्या बाजूला चुन्याची दोरी ताणून मारायचे, एक सरळ पांढरी रेघ उमटायची, आणि अक्षरं त्या रेघेला टांगल्यासारखी खाली यायची. इंग्रजी नाव असलं की दोरी खालच्या बाजूला, अक्षरं तिच्यावर बसायची. दुकानाचं नाव मोठं आणि मालकाचं नाव छोटं एकाच ओळीत आलं तरी ते दोन्हीची शिरोरेषा एका पातळीत ठेवायचे. तुमच्याकडे मात्र ओळीतला एक शब्द मोठा केला की सगळं खालच्या रेघेवर बसतं आणि शिरोरेषेची पायरी होते. ओपनटाइप फॉन्टमधे टांगत्या रेषेची सोय आहे, वेबपानं सजवायच्या सीएसएसमधे सुद्धा तिचं नाव आहे. म्हणजे ज्यांनी फॉन्टचे नियम लिहिले त्यांना दोरी वर मारायची असते हे माहीत होतं, ते वरपर्यंत पोचलं नाही.

शिरोरेषेवरून अक्षरांमधल्या अंतराचं पण बोलतो. इंग्रजीत छोट्या अक्षरांत थोडं अंतर वाढवलं की वाचायला बरं पडतं, म्हणून गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीच्या तिसऱ्या व्हर्जनमधे बॉडी लार्ज या अक्षरांच्या मापाला ०.५ अंतर दिलेलं आहे. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटायला लागते, अक्षरांच्या मधे बारीक फटी दिसतात, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बागेत उभं राहून फोन बघणाऱ्या माणसाला तो शब्द शब्दच वाटत नाही. आम्ही आमच्या थीममधे प्रत्येक आकाराला शून्य लिहून ठेवलं आहे. हे आम्हाला का करावं लागावं? मजकूर देवनागरी आहे हे कंपोनंटला समोर दिसतंच आहे.

तसंच उंचीचं. 'मृग' मधला ऋकार खाली जातो, 'वर्षीं' मधे वेलांटी, रफार, अनुस्वार तिन्ही वर जातात. बटणाची उंची इंग्रजी मोजून ठेवलेली असते. आमच्या 'मृग बहार' बटणात ऋकाराची शेपटी कापली जायची आणि ते 'मग बहार' वाचलं जायचं. अँड्रॉइडच्या जुन्या टेक्स्टव्ह्यूमधे वरखाली जादा जागा सोडायची पद्धत होती, डिझायनर लोक तिच्यावर चिडायचे कारण त्यांचं मोजमाप जुळायचं नाही, पण तिने उंच लिप्यांची अक्षरं कापली जाण्यापासून वाचवली होती. कंपोजमधे १.६ पासून ती जागा आपोआप येत नाही. ठीक आहे, मी जुनं परत आणा म्हणत नाही. उंची फॉन्ट आणि लिपी बघून ठरवा, आणि अक्षराचा जो भाग बाहेर येतो तो कापू नका, बाहेर येऊ द्या, एवढं करा.

आता तुमच्या बाजूने जे म्हटलं जाईल ते मला माहीत आहे, कारण आमच्या ऑफिसमधेच यावर खूप बोलणं झालं आहे, चहाच्या टपरीवर तासतासभर.

पहिलं म्हणजे वेग. साधं लेबल हलकं असतं, रिचवाला जड असतो, हजार ओळींच्या यादीत फरक पडतो. बरोबर आहे, पडतो. पण मग एकच तुकडा आला तर आतून हलका रस्ता घ्या, जास्त तुकडे आले तर जड रस्ता घ्या, ते तुमच्या घरातलं काम आहे. मजकूर बघून कंपोनंटला हे एका क्षणात कळतं. वेगासाठी माझ्या हातात दोन वेगळी हत्यारं देणं म्हणजे मला दरवेळी अंदाज करायला लावणं. आणि देवनागरीत साधी ओळ पण काही साधी नसते, जोडाक्षरं जुळवायचं काम तिथेही होतंच.

दुसरं, एकाच कंपोनंटला चाळीस प्रॉपर्टी होतील, तो राक्षस होईल. ही भीती मला खरी वाटते आणि याचं उत्तर मी हलक्यात देत नाही. माझ्या अनुभवात प्रॉपर्टी वाढतात कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पातळीवर टाकल्या जातात. काय लिहिलं आहे ही एक गोष्ट, म्हणजे तुकडे, लिंका, भाषा. कसं दिसतं ही दुसरी, ती स्टाइलमधे जावी आणि वरून झिरपावी. जागेत कसं बसतं ही तिसरी, किती ओळी, कुठे तोडायचं, मावलं नाही तर काय. कंपोनंटने बाहेरून या तीनच वस्तू घ्याव्यात. निवडणं, कॉपी करणं हे तर त्यात नकोच, ते बाहेरच्या आवरणाचं काम, पण ते आवरण ॲपच्या मुळाशी आपोआप असावं. आमचे शेतकरी औषधाचं प्रमाण एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, कॉपी होत नाही म्हणून स्क्रीनशॉट पाठवतात, आणि स्क्रीनशॉटमधली अक्षरं पुढच्या माणसाच्या फोनच्या सेटिंगप्रमाणे मोठी होत नाहीत, टॉकबॅकला तर नीट सांगताच येत नाहीत.

तिसरं, जुना कोड. लाखो ॲप जुन्या नावांवर उभे आहेत. तर नावं नका मारू. जुन्या नावांना आतून नव्या कंपोनंटकडे वळवा, दोनचार वर्षं इशारा दाखवत राहा, बदल आपोआप करून देणारं टूल द्या. फक्त एक काळजी घ्या, वळवताना जर कोणाचा रिच मजकूर आता फोनच्या सेटिंगप्रमाणे मोठा व्हायला लागला आणि त्यांच्या स्क्रीनची मांडणी हलली, तर घाबरून तो बदल मागे घेऊ नका. ती मांडणी आधीपासूनच चुकलेली होती, फक्त दिसत नव्हती. अँड्रॉइड १४ मधे अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि वेबच्या सुलभतेच्या नियमांत सुद्धा मजकूर २०० टक्के केला तरी काही हरवता कामा नये असं आहे. म्हणजे काकांनी जे केलं ते काही वेगळं नव्हतं, त्यांना दिलेली सोय त्यांनी वापरली.

आणि टिंबांबद्दल माझी सगळ्यात कळकळीची विनंती. मजकूर मावला नाही तर खाली वाहू द्या, तेच मूळ वागणं असू द्या. कापायचं असेल तर मी मुद्दाम सांगीन. आणि सांगितलं तरी आकड्याच्या मधे कधीच कापू नका. १०० चं १० करू नका. आकडा पूर्ण मावत नसेल तर पूर्ण आकडा टिंबांत जाऊ द्या, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की इथे काहीतरी आहे जे मला दिसत नाहीये, मग तो कार्ड उघडून बघेल. अर्धा आकडा दिसला की तो थांबतच नाही. अक्षराच्या मधे कापू नका हे तुम्ही मान्य केलं आहेच, आकड्याच्या मधे कापू नका हे त्याच्या पुढचं एक पाऊल आहे, आणि औषध, पैसे, वीजबिल, रेल्वेची वेळ, हे सगळं दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपला ते लागणार आहे.

तुमच्या टेस्टमधे बहुतेक ओळी इंग्रजीत असतात, मी पाहिल्या आहेत. त्यात आमच्या चार ओळी घाला एवढं मागतो. '१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी', आकडे ठळक, अक्षर २०० टक्के, डबा अरुंद. 'मृग बहार', सगळ्यात छोट्या बटणात. 'संत्रा', त्यातला 'संत्र' ठळक. आणि 'काटोलला', त्यातलं 'काटोल' ठळक आणि मोठं, भाषा मराठी, ल मराठी वळणाचा आला की नाही ते बघायला. पहिली ओळ अशी लिहा की तीन टिंबं आली तर टेस्ट पास होऊ नये. फोटो लागले तर मी पाठवतो, काकांच्या फोनवरचे दोन्ही स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत, आणि नवीन व्हर्जन तपासायला त्यांचा फोन पण मिळेल, मी त्यांना विचारून ठेवलं आहे, ते हो म्हणाले.

आपला,
नागपूरचा एक ॲप बनवणारा